माइकशिवाय बाप्तिस्मा

३ सप्टेंबर, मंगळवार

आम्हा प्रवचन करणाऱ्या तमाम पाळकांची तक्रार एकच — बाहेर हजार माणसं ऐकतात, घरातलं एक ऐकत नाही! मी बोललो की लोक रडतात, उठून पुढे येतात, गुडघे टेकतात. आणि माझे वडील? शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात आणि घरी आल्यावर म्हणतात, "मधला भाग लांबला."

आज सकाळी दाढी करता करता तेच म्हणाले, "मला तुमच्या हॉलमधल्या त्या बाप्तिस्म्याच्या हौदात बुडव एकदा."

"बाबा, चेष्टा करताय?"

"चेष्टा करायची असती तर तोंडाला साबण लावायच्या आधी केली असती."

चाळीस वर्षं छापखान्याच्या दारावर कामगारांचे पुढारी होते ते. देव म्हणजे मालकाचा माणूस, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टाळ्या हमखास. आवाज मला त्यांच्याकडूनच मिळाला, श्रद्धा मात्र नाही. आणि आज ते बाप्तिस्मा मागतात! दिवसभर जमिनीवर पाय नाहीत माझे.

५ सप्टेंबर, गुरुवार

आनंद दोन दिवस टिकला.

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नियम आहे. हौदात उतरण्याआधी प्रत्येकानं सर्वांसमोर माइक हातात घेऊन साक्ष द्यायची — मी आधी कसा पापी होतो, कोणत्या क्षणी पालटलो, आता कसा आहे. नियम मीच आणला. का नाही आणणार? आईबापांचा धर्म अंगरख्यासारखा चढवून येणारे पुष्कळ पाहिले. नवा जन्म म्हणजे वारसाहक्क नव्हे! मंडळीच्या कारभाऱ्यांना आम्ही 'वडील' म्हणतो; त्यांतले सगळ्यात ज्येष्ठ घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. ते तर प्रत्येकाला विचारतात, "वार कोणता? किती वाजले होते?"

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "साक्ष देणार नाही."

"का? पापं सांगायची लाज वाटते?"

"लाज? अरे, माइक हातात आला की मी टाळ्या घेणार. पापं अशी रंगवून सांगेन की ऐकणाऱ्याला हेवा वाटेल. तेच माझं पाप आहे, कळलं का? आयुष्यभर भाषणं केली. हे एक काम तरी भाषणाशिवाय होऊ दे."

मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा.

"मग राहू दे. देवाला माझा पत्ता माहीत आहे."

८ सप्टेंबर, रविवार

बाबा हॉलमध्ये आले नाहीत. प्रवचनात दोनदा धागा सुटला.

१० सप्टेंबर, मंगळवार

वडीलमंडळींची बैठक. घड्याळजी म्हणाले, "पाळकांच्या वडिलांना सूट दिली तर उद्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी निघेल." मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, वर नियमाच्या बाजूनं दहा मिनिटं बोललो! माझ्याच बापाविरुद्ध, आणि काय सुंदर बोललो!

घरी आलो तर बायको पांढऱ्या झग्याला टीप मारत बसली होती.

"कुणाचा?"

"बाबांचा. एवढा उंच आहे का दुसरा कुणी?"

"अगं, ते उतरणार नाहीयेत."

"तुमचं तुम्ही बघा. माझं शिवून झालं पाहिजे."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "तू जन्मलास त्या रात्रीची हकिगत तुला कुणी सांगितली?"

"आईनं."

"तू काय केलंस त्या रात्री?"

"काय करणार? रडलो असेन."

"मग मला का भाषण करायला लावतोस?"

बायको मशीनवर वाकून खुदकन हसली. मी ताडताड खोलीत निघून आलो. अजून उत्तर सापडलेलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं. म्हणजे हरलो, आणि हरल्याचं इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं!

तारणाच्या दारात पापी माणूस काय घेऊन येतो? काहीही नाही! पुण्य नाही, शिफारस नाही, लायकी नाही. कृपा ही कृपा असते ती त्यामुळेच. वीस वर्षं हे घसा फोडून सांगतोय मी. आणि त्याच दारात माइक घेऊन उभा राहून म्हणतोय — आधी जरा बोलून दाखवा! ज्याला बोलता येतं त्याची साक्ष दणदणीत. मग तोतऱ्याचं काय? मुक्याचं काय? आणि ज्याला फारच छान बोलता येतं, त्याचं तर विचारूच नका.

दुपारी तडक घड्याळजींच्या दुकानात गेलो. त्यांच्या डोळ्याला भिंग, पुढ्यात कुणाचं तरी उघडं घड्याळ. सगळं ऐकून म्हणाले, "पाळक, हे सगळं खरं. पण माणूस आतून पालटला हे ओळखायचं कसं? उद्या कुणीही येईल."

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "समोर बसून ओळखायचं. माइक नको, मंडळी नको. तुम्ही आणि ते."

त्यांनी भिंग काढलं, शटर ओढलं आणि माझ्याबरोबर निघाले.

घरी पोचताच मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आलं! दार लावून दोघं आत. मी पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "बसा हो, बाळंतपण थोडंच चाललंय?" आणि मग स्वतःच हसली, "म्हणजे, चाललंय म्हणा."

मग आतून बाबांचा आवाज. सभेतला नव्हे. इतका हळू की शब्द कळेनात. माझ्या बापाला एवढ्या खालच्या पट्टीत बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

घड्याळजी बाहेर आले ते रुमालानं डोळे पुसत.

"काय म्हणाले?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही." मग चप्पल घालता घालता थांबले. "वेळ विचारायची राहिलीच की! जाऊ दे. रविवारी हौद भरा."

छातीवरचा धोंडा उतरला. पाळकाच्या छातीवरचा नव्हे, मुलाच्या. बाप्तिस्म्यानं तारण होत नाही, ते विश्वासानं होतं, हे मीच शिकवतो. मग आठवडाभर घास का उतरत नव्हता माझ्या गळ्याखाली?

१५ सप्टेंबर, रविवार

झाला!

व्यासपीठामागच्या हौदावरच्या फळ्या काढल्या. बायकोनं कढत पाण्याच्या बादल्या ओतून ओतून हौद कोमट केला. बाबा पायऱ्या उतरले, माझा हात घट्ट धरून. पाणी कमरेपर्यंत आलं. मी विचारलं, "बाबा, प्रभू येशू तुमचा तारणारा आहे, असा तुमचा विश्वास आहे?"

"आहे."

एक शब्द! त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

त्यांना पाण्याखाली नेलं, वर आणलं. बाबा खोकले, डोळे उघडले आणि म्हणाले, "नाकात गेलं रे!"

सगळा हॉल हसला. मी हसता हसता रडलो. घड्याळजी तर आधीपासूनच रडत होते.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ओले झगे पिळता पिळता बायको म्हणाली, "पुढच्या खेपेला माझंही नाव घ्या."

"कशात?"

"बाप्तिस्म्यात."

लग्नाला बावीस वर्षं झाली. गाणाऱ्यांत ही पुढे, रविवारच्या शाळेत ही, आजाऱ्यांकडे ही. "तुमच्या तिकिटावर मी आत आले," ती म्हणाली. "पाळकाची बायको म्हटल्यावर कोण विचारणार? तुम्हीसुद्धा नाही विचारलंत. तुमच्यावर माझा विश्वास होताच हो. येशूवर आहे का, हे मलाही ठाऊक नव्हतं. काल बाबा 'आहे' म्हणाले, तेव्हा माझ्याही तोंडून निघालं. कुणाला ऐकू गेलं नाही."

मी तोंड उघडलं. तिनं ओला हात वर केला. "प्रवचन नको."

आता गॅलरीत कपडे वाळत घालतेय. गुणगुणतेय. इतकी हलकी मी तिला कधी पाहिली नाही. आणि मी इथं बसून लिहितोय!

ऊठ, शहाण्या. पेन खाली ठेव. गॅलरीत जा आणि हौदातला तो प्रश्न तिला विचार.