समज, मी नाही

प्रिय टिल्लू,

सहा फूट झालास, कानशिलावर दोन पांढरे केस आले, तरी माझ्यासाठी तू टिल्लूच. तुझा निरोप पोचला. तू म्हणतोस, काकू, तू तिला समजाव, तुझं ती ऐकेल. तू काकांबरोबर अशाच अटींवर राहिलीस ना, आणि सुखात राहिलीस. काय रे शहाण्या, माझं सुख तू कुठल्या तराजूत मोजलंस? पण तू सांगितलंस म्हणून मी तिला बोलावलं आणि शनिवारी दुपारी ती येऊन गेली. काय बोलणं झालं ते सगळं लिहिते. फक्त तुझी ती खोड आवर, आधी शेवट वाचून मग मागे यायची. ओळीने वाच.

तुझ्या अटी तिने मला बोटांवर मोजत सांगितल्या. लग्न करू, पण मूल नको. घर विकत घ्यायचं नाही. आणि तिने पहिल्यापासून एकटीने राहायची सवय ठेवायची. का, तर आपल्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण शब्द न् शब्द माझ्या ओळखीचा होता. मी टेलिफोन ऑफिसात नवी लागले होते तेव्हा तुझ्या काकांनी बाहेरच्या बाकावर बसून मला हेच सांगितलं होतं. हातावर भुसा, नखांत पॉलिश, आणि चेहरा असा की जणू उद्याच गाडी आहे. मला वाटलं, बाकीचे जन्मभराच्या शपथा घेतात नि महिन्याभरात विसरतात, हा निदान खरं तरी बोलतो. भाळले मी. त्या वयात दुःखी माणूस फार देखणा दिसतो.

आता ते खरं काय होतं ते बघ. तुझे पणजोबा छपरावरून पडले. आजोबा तापाने गेले, गावात औषध नव्हतं म्हणून. एकाचा पाय घसरला, एकाला औषध मिळालं नाही. यात रक्ताचा काय दोष? कावळा बसायला नि फांदी मोडायला एक गाठ. पण माझ्या सासूबाई आल्यागेल्याला हेच सांगायच्या, इतक्या वेळा की घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं. दोन्ही मुलगे, तुझे बाबा आणि काका, ते ऐकत मोठे झाले.

तुला आमचं घर आठवतं ना? लोकांच्या घरी तुझ्या काकांनी केलेले पलंग नातवंडं वापरतात, आणि आमच्याकडे घडीच्या खुर्च्या, लोखंडी खाट, भाड्याच्या दोन खोल्या. एकदा मी म्हटलं, अहो, एक बरं कपाट करा की आपल्यासाठी. तर म्हणाले, सामान कमी असलं म्हणजे तुला हलवायला सोपं जाईल. तुला, म्हणाले. आपल्याला नाही. आणि रविवारची ती परीक्षा! हे खुर्चीत बसायचे, हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, "समज, मी नाही." मग मी फ्यूज बदलायचा, नळाचं वायसर घालायचं, बँकेतल्या बाईशी बोलल्यासारखं बोलून दाखवायचं. चुकले तर, "पुन्हा कर." समुद्रावर गेलो होतो एकदा, लग्नानंतरची एकुलती एक सहल. तिथेही ह्यांनी मला गाडीचं वेळापत्रक बघायला शिकवलं. शेजारणी म्हणायच्या, भाग्यवान आहेस, नवरा किती काळजी करतो. खरंच करायचे. तुझे काका मला कधी उणा शब्द बोलले नाहीत, हे मी कुणापुढेही सांगेन. पण नवरा जिवंत असताना मी विधवेची उमेदवारी केली, टिल्लू. समोर बसलेल्या माणसाला रोज नाही असं धरायचं, म्हणजे काय होतं ते तुला लग्नाआधी कळावं.

मूल नको हे तर बाकावरच ठरलं होतं. बाप नसलेलं पोर म्हणून मी काय भोगलंय ते मला ठाऊक, म्हणायचे, तसं आणखी एक जगात आणणार नाही. एका वर्षी मी हट्ट केला, रडले, दोन दिवस माहेरी जाऊन बसले. हे घ्यायला आले ते भरल्या डोळ्यांनी. त्यांना तसं बघून मीच गप्प झाले. मग तू आलास आमच्याकडे शाळेसाठी, आणि लोक म्हणू लागले, पोटच्या पोरासारखं वाढवलं हो. वाढवलं. मला तू पुरेसा होतास असं म्हणाले तर तुला बरं वाटेल, पण आज खोटं बोलायचं नाही असं ठरवून बसले आहे. मला माझं हवं होतं.

आता जे लिहिते ते तुझ्या आईला विचारून लिहिते. इतकी वर्षं तिने मला गप्प केलं होतं, गेलेल्या बापाबद्दल मुलाच्या मनात राग नको म्हणून. परवा फोनवर म्हणाली, सांग आता त्याला. तुझे बाबा नशिबाने गेले असं तू धरून चालला आहेस. ते गेले त्या सकाळी आपल्या चष्म्यांच्या दुकानात भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना दोन गल्ल्यांवर. सोबतचा कारागीर म्हणाला, चला, रिक्षा बोलावतो. भाऊजी म्हणाले, नको, हे आमचं ठरलेलं आहे. आणि काय केलं माहीत आहे? न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेतली. घरी आले, विम्याचे कागद टेबलावर ठेवले, कपाटाची किल्ली तुझ्या आईच्या हातात दिली आणि आडवे झाले. तिला वाटलं, थकलेत. दुपारी डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर हसत घरी गेले असते. तुझ्या बाबांना काही पन्नाशीने नेलं नाही, रे. त्यांनीच त्या पन्नाशीसाठी दार उघडून ठेवलं होतं. किती गोड माणूस होता तो! अजून राग येतो मला त्याचा.

तुझ्या काकांनी मात्र ह्यातून भलताच धडा घेतला. आता पुढचा नंबर माझा, म्हणाले, आणि तुलाही रविवारी फ्यूजसमोर उभं केलं. हे खूळ तू आमच्याच घरात उचललंस, आणखी कुठून येणार? मग पन्नासावा वाढदिवस आला. मी शिरा करायला घेतला होता. हे उठले, आरशात बघितलं, आणि परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखे खाटेवर बसून राहिले. मला म्हणाले, "आता काय करायचं गं?" मी हसले आधी. मग स्वयंपाकघरात जाऊन इतकी रडले की शिरा खालून करपला. हे मोकळे झाले होते आणि माझं वय निघून गेलं होतं. तुला वाटेल, त्यानंतर तरी सुधारले असतील. छे! पन्नाशी गेली तर साठी धरली. आता सत्तरी झाली, जिने धाडधाड चढतात, माझे गुडघे गेले पण ह्यांचे शाबूत, आणि तरी नवा सदरा घ्या म्हटलं तर म्हणतात, कशाला, किती दिवस घालणार.

तर शनिवार. पोरगी गोड आहे तुझी. पोहायला शिकवते त्या तलावावरून सरळ आली, केस ओले, गळ्यात शिट्टी तशीच. मी विचारलं, मोठी माणसंही येतात का गं शिकायला? म्हणाली, येतात की, पण आधी सगळे बुडण्याचीच चौकशी करतात. आम्ही दोघी खूप हसलो. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, "काकू, एकच विचारते. तुम्ही सुखात होता का?" हे आत गॅलरीत रंधा मारत होते. मी हो म्हणणार होते. जन्मभर सगळ्यांना हो म्हटलं, सवयच ती. पण तिच्याकडे बघितलं आणि जीभ वळेना. मी म्हणाले, माणूस सोन्यासारखा मिळाला गं, पण सुखात नव्हते. लग्न करू नकोस तू अशा अटींवर. तेवढ्यात रंध्याचा आवाज बंद झाल्याचं माझ्या लक्षात आलं. हे दारात उभे होते. मला वाटलं, आता पडतात. तर तिच्याकडे बघून म्हणाले, "मला वाटत होतं, ही सुखात आहे. हिचं ऐक तू." आणि चपला घालून तिला बसपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर मला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? काय सांगू? जो माणूस रोज निघालेलाच असतो, त्याच्याशी भांडायचं तरी कधी? तेव्हापासून नीट जेवलेले नाहीत.

म्हणून हे पत्र. तू मला तिचं मन वळवायला सांगितलंस आणि मी ते उलट बाजूला वळवलं. येत्या रविवारी भेटशील तेव्हा ती तुला नाही म्हणणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, आणि तिचं तुझ्यावर प्रेम नाही असं तुझ्या मनातही येऊ नये. राग माझ्यावर काढ, इथे येऊन काढ, मी ऐकून घेईन. बसस्टॉपवर ती ह्यांना काय म्हणाली ते ह्यांनी मला रात्री अंथरुणात पडल्यावर सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, तो उद्या मेला तरी मला चाललं असतं काका, एकदा तरी त्याने म्हणायला हवं होतं, की चल, आपण दोघं म्हातारे होऊ. मला तरी दुसरं काय हवं होतं, रे?

तुझीच,
काकू