घरामागच्या प्लॉटचा सौदा

चि. जीवन,
आशीर्वाद.

माझ्या घरामागच्या प्लॉटचा आपला सौदा तू सावद्याच्या केळीवाल्याला देऊन टाकलास, हे मला त्याच्याच तोंडून कळले. माणूस सरळ आहे. त्याने एवढेच विचारले, "अक्का, मधली भिंत कधी घालू?"

मी वकिलांकडे गेले. त्यांनी सौदापावतीतली ओळ दाखवली : 'खरेदीखत जीवन यांच्या किंवा ते सांगतील त्यांच्या नावे करून देईन.'

"अक्का, सही तुमचीच आहे. वाचलं नव्हतं?"

वाचले होते, दोनदा. मला वाटले, तू सूनबाईचे, साक्षीचे नाव घालशील. नवरे हल्ली बायकोच्या नावे घेतात.

तू कायद्याने चुकला नाहीस. पण मी तीन गिऱ्हाइके परत पाठवली, ती "आत्या, तुझ्या शेजारीच घर बांधतो" या तुझ्या शब्दावर. तो कागदावर घालायचे मला सुचले नाही.

उद्या अकराला निबंधक कार्यालयात मी सही करीन. मागच्या आठवड्यात वकील म्हणाले होते, "संमतीला जीवनला धुळ्याहून बोलवू, की त्याने कुलमुखत्यारपत्र पाठवलं तरी चालेल?"

"कशाला बोलावता? पत्र पुरे," मी म्हणाले.

बोलावले असते, तर आला असतास.

हेमलता आत्या
जळगाव