टॉवेलाखालचं गाणं

३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, आधी खाली बस. हातात कुणाचे दात असतील तर ते बाजूला ठेव. मला असा धक्का बसलाय की परवापासून जेवण जात नाही, आणि तो कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, ते म्हणजे तू.

मी सात वर्षांचा असताना तू मला दिलेली कॅसेट. तिच्यावरचं पहिलं गाणं, त्या चौघांच्या बँडचं. देताना तू म्हणाली होतीस की हे असं दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. खरंच नाही मिळालं. त्या चौघांचं गाण्यांच्या हक्कावरून वाजलं, रेकॉर्ड बाजारातून गेली, इंटरनेटवरही कुणी टिकू दिली नाही. बावीस वर्षं मी ते गाणं फक्त तुझ्या कॅसेटवर ऐकतोय. वर्कशॉपमधला जुना टेपरेकॉर्डर घेऊन दुरुस्तीला लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, तेव्हा वरचे मजले मला शिव्या घालतात. घरी लावलं की आई पहिलं गाणं कसंबसं सोसते आणि दुसरं सुरू झालं की स्वयंपाकघरातून भिंतीवर दोनदा ठोकते, म्हणजे आवाज कमी कर. तिचंही बरोबर आहे म्हणा. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, त्यामुळे आईचा आवाज म्हणजे मला ही ठोक, जेवायची टाळी आणि पाटीवरचा खडू, एवढंच माहीत.

तर त्या चौघांचं भांडण मिटलं आणि परवा रेकॉर्ड नव्याने निघाली. मी पहिल्या दिवशी रांगेत. घरी येऊन लावली. मधला शांत भाग आला, जिथे ड्रम थांबतात, एकच तार वाजत राहते आणि तो पुटपुटल्यासारखं गातो. तिथे ती यायला हवी ना! दुसरी! अर्धी मात्रा उशिरा, जराशी बेसूर, आणि शेवटी खुदकन हसते ती! मावशी, ती नाहीच. बाईला चक्क पुसून टाकलंय. ड्रमही धुऊन चकचकीत केलेत. तुझ्या कॅसेटवर कसे गादीत बुडवून वाजवल्यासारखे, अस्सल त्या काळचे. हे म्हणजे हॉस्पिटलातली फरशी.

तुला ठाऊक आहे, मी त्या बाईचा लहानपणापासून चाहता आहे. शाळेत मुलं वहीच्या मागे गिटारवाल्याचं चित्र काढायची, मी मनानेच तिचं काढायचो. कव्हरवर चार पुरुषांची नावं, हिचं कुठेच नाही. म्हणून मी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, की त्या बाईचं नाव जाहीर करा आणि तिचा आवाज परत जागेवर ठेवा. पुरावा म्हणून तुझी कॅसेट रजिस्टर्ड पोस्टाने सोबत पाठवली. आता कुठे पळतील?

या महिन्याची आपली गाण्यांची यादी. जुनं: तू सांगितलेलं ते दोन भावांचं, ज्यात गिटार सबंध गाणंभर एकच सूर धरून बसते आणि तरी कंटाळा येत नाही. नवं: तीन मुलींचा बँड आहे, गिटारच नाही, नुसता बेस आणि ड्रम, आणि गाणारी असं गाते की कचेरीत तक्रार नोंदवतेय. तुला आवडणार नाही. तीनदा ऐक, मग आवडेल.

आईला माझ्या संतापाचं हसू येतंय, खांदे हलताना दिसतात. तू तरी माझ्या बाजूने राहा. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर तक्रार नाही.

तुझा,
खुडबुड्या


८ मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कवळ्यांच्या लॅबमध्ये उभ्यानेच वाचलं, आणि खालची कवळी हातातून सुटून फरशीवर पडली. दोन दात तुटले. ज्यांची होती त्यांना आता आणखी आठवडाभर पेज पीत बसावं लागणार, आणि ते तुझ्यामुळे. शेजारची सहकारी विचारायला लागली की घरचं कुणी गेलं का. मी तिला काय सांगू?

गाढवा, कॅसेट पाठवलीस? तीच? दुसरी प्रत न काढता?

आता तू बस. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. त्या रेकॉर्डमध्ये बाई नव्हतीच. कुणी काही पुसलेलं नाही. तुझ्या कॅसेटवर जी गाते ती तुझी आई आहे.

ऑपरेशनला पाच दिवस होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मी टेपरेकॉर्डर घेऊन ताईकडे गेले आणि म्हटलं, पोरासाठी काहीतरी बोलून ठेव, एखादं गाणं म्हण. ती माझ्यावर अशी भडकली की बस. म्हणाली, मी मरायला चाललेली नाही, आणि मी घरात जिवंत असताना माझा मुलगा डब्यातल्या आईचं ऐकत बसणार नाही. मला शपथ घातली, की पुन्हा हा विषय काढायचा नाही.

विषय मी काढला नाही. पण दर गुरुवारी दुपारी रेडिओवर माझ्या आवडीची नवी गाणी लागायची. ताई त्यांना नावं ठेवायची, आणि तुला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात फिरताना नकळत तीच गुणगुणायची. त्या गुरुवारी मी रेकॉर्डर फडताळावर ठेवला, बटण दाबलं आणि वर टॉवेल टाकला. तू ज्याला गादीत बुडालेले ड्रम म्हणतोस ना, तो माझा निळा टॉवेल आहे. आणि ती हसली ते तू तिच्या नाकाला चावलास म्हणून.

त्यानंतर जगात कुठेही तिचा आवाज नाही. त्या कॅसेटवर आहे, बस. मी ती पाच वर्षं कपड्यांखाली ठेवली. मग वाटलं, कुणालाही न सांगता तो आवाज तुमच्या घरात असावा. म्हणून उरलेली टेप दुसऱ्या गाण्यांनी भरली आणि तुला दिली. सगळे म्हणतात मी तुला अल्टरनेटिव्ह रॉकचं वेड लावलं. माझी आवड खरी आहे रे, पण वेड लावावंच लागलं. ते एक गाणं वाजत राहावं म्हणून बाकीची शंभर गळी उतरवावी लागली.

ताईला यातलं काहीच माहीत नाही. तिला कळलं की तिची शपथ मोडून मी हे चोरून केलं, तर ती माझं तोंड बघणार नाही. तिला एक अक्षर बोलू नकोस. पत्र फाडून टाक, आणि पहिल्या गाडीने त्या कंपनीत जा.

यादी या वेळी नाही. तू कॅसेट घेऊन ये, मग तुझ्यावर माया करायची की नाही ते ठरवू.

तुझी,
मावशी


१५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. हे आधी लिहितो, म्हणजे तू श्वास सोडशील.

तुझं पत्र मी जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. दोन शेजारी ओलांडून गेले. मग तसाच स्टेशनवर. कंपनीचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आयुष्यात पहिल्यांदा मी बंद लिफ्टकडे ढुंकूनही न बघता जिना चढलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की लोक काय काय पाठवतात, ते सगळं तळघरात जातं, आणि शुक्रवारी खोकी रिकामी करतात. तो शुक्रवारच होता, मावशी.

तळघरात एक म्हातारे साउंडवाले होते. खोकी अजून उचलली नव्हती, पण माझी कॅसेट त्यांत नव्हतीच. ती त्यांच्या मशीनवर फिरत होती. त्यांनी माझं पत्र वाचलं होतं. म्हणाले, मूळ रेकॉर्डिंगला मी स्वतः केबली धरून उभा होतो, खोलीत बाई नव्हती, म्हणून कुतूहलाने लावली. मग त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. रेडिओ लांब आहे, बाई जवळ. ती चालतेय, म्हणून आवाज येतो-जातो. उशीर होतो तो बहुधा कडेवर मूल झुलवतेय म्हणून, कारण तिच्या श्वासाशेजारी आणखी एक छोटा श्वास आहे. आणि शेवटी ती यंत्राच्या अगदी जवळ येते, मुद्दाम आल्यासारखी.

त्यांनी विचारलं, बाई कोण ते माहीत आहे का. मावशी, मला बोलताच येईना. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शेवटी खोक्यावरच्या धुळीत बोटाने लिहिलं: आई. त्यांनी हेडफोन माझ्या कानावर ठेवले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर दोन प्रती काढून दिल्या.

बावीस वर्षं मी तिच्यासमोर बसून त्या आवाजाचं कौतुक केलं गं! तिला पाठ होईपर्यंत सांगितलं की ही बाई बघ कशी गाते. आता घरात तिच्याकडे बघतो आणि तो आवाज तिच्या तोंडावर बसवून पाहतो. बसतो. अगदी बसतो. मग मला खोलीत निघून जावं लागतं. कॅसेट हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवली आहे. घरात गाणं लावायची हिंमतच होत नाही, कुठलंही. तिने पाटीवर विचारलं, ताप आहे का. मी मान हलवली.

तिला सांगू का? तू म्हणतेस नको. पण तिचाच आवाज तिच्यापासून लपवून ठेवणं ही चोरीच झाली, आणि तिने ऐकला आणि तिला ते सोसलं नाही तर? मला काही सुचत नाही. लवकर लिही.

यादी. जुनं: तेच. नवं: तेच, कारण ते मी शुक्रवारी पहिल्यांदा ऐकलं.

रागावली असशील तर रागाव, पण मला सोडू नकोस.

तुझा,
खुडबुड्या


१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं आठ तारखेचं पत्र काल धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं. फाडून टाक म्हणून लिहिलंस कुणाला, तर ज्याने लहानपणापासून माझ्या पाटीवरच्या अक्षरांचीही नक्कल करून ठेवली त्याला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. दोनदा वाचलं.

शपथ मोडलीस त्याबद्दल काय ते तू समोर आलीस की लिहीन. पाटी मोठी आणून ठेवते. पण माझंही एक सांगायचं राहिलंय, ते सत्तावीस वर्षं राहिलंय.

टॉवेल पातळ होता, धाकटे. लाल दिवा दिसत होता.

मी गाणार नाही म्हणाले होते ते समोर यंत्र मांडून, निरोप दिल्यासारखं. तसं मला जमलंच नसतं, पहिल्याच शब्दाला रडले असते आणि पोराला आयुष्यभर तेवढंच ऐकावं लागलं असतं. पण तो दिवा दिसला, तू सिंकपाशी माझ्याकडे पाठ करून उभी होतीस, साळसूदासारखी, आणि तुझं ते भिकार गाणं लागलं. म्हटलं, हेच बरं. त्याचे शब्द मला कुठे येत होते! रेडिओवरचा तो म्हणाला की मागून मी म्हणायचे, म्हणून प्रत्येक ओळीला मागे पडले आहे. गाणं संपत आलं तेव्हा फडताळापाशी गेले, म्हणजे नीट यावं. तिथे या चोराने नाकाला चावा घेतला.

तू कॅसेट त्याला देशील याची मी पाच वर्षं वाट पाहिली. मागायची कशी, मीच तर शपथ घातलेली. ज्या दिवशी पहिल्यांदा लागली, तेव्हा मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले, हाताला फेस. गाणं संपल्यावर हा धावत आला आणि विचारायला लागला की आई, ही गाणारी कोण गं? मी पाटीवर लिहिलं, माहीत नाही, पण बेसूर आहे. तिला नावं ठेवली म्हणून तो दोन दिवस माझ्याशी अबोला धरून बसला होता. ते दोन दिवस मी इतकी सुखात होते की काय सांगू.

मला ते संगीत आवडत नाही. तेव्हा आवडत नव्हतं आणि आता त्या तक्रार नोंदवणाऱ्या मुली आल्यापासून तर मुळीच नाही. बावीस वर्षं सोसलं, कारण त्यातली साडेतीन मिनिटं माझी होती. मी भिंतीवर नेहमी दुसऱ्या गाण्यालाच ठोकते, हे तुम्हा दोघा कानसेनांच्या कधी ध्यानातही आलं नाही.

आता हा शुक्रवारपासून काही लावत नाही. पाय न वाजवता चालतो, माझ्याकडे चोरून बघतो आणि खोलीत जातो. घर इतकं गप्प झालंय की मला करमत नाही. या घरात एक बिनआवाजाचं माणूस पुरे आहे. त्याच्या हत्यारांच्या पेटीत शोधून पान्यांखालची कॅसेट मी काढली आहे. पुढच्या रविवारी सकाळी तो अंघोळीला गेला की टेपरेकॉर्डरमध्ये घालून ठेवीन आणि स्वयंपाकघरात जाऊन बसेन.

तेवढं तू त्याला आधी लिहून कळव, मला पाटीवर लिहायची लाज वाटते: पहिल्या गाण्यालाच भिंतीवर ठोकलं, तर आवाज वाढवायचा.

माझ्यावर लोभ ठेवलास तो टॉवेल टाकून ठेवलास. आता उघडा ठेवलास तरी चालेल.

तुझी,
बेसूर ताई