लंकेचं गाणं

११ फेब्रुवारी १९८८, गुरुवार

बंद कर म्हणले तरी बंद करंना! माझ्या बसवंतानं नवी कॅसेट आणली. सकाळपासून तेच गाणं. खानावळीत टेप ठेवला तो मी वचनं-भजनं ऐकायला, ह्या पोराच्या धिंगाण्याला न्हाई.

नांदेडच्या कॉलेजातल्या पोरांचं गाणं म्हणे. एक गिटार, एक हलगी, आणि शेषेराव नावाचा कोण पोरगा गातो. आपली फौज तिकडं लंकेत लढतीय, त्या लढाईचं. मेलेला शिपाई रात्रीचा घरी येतो अन् आईला म्हणतो —

माय, दार लावू नको, मी उंबऱ्यात हाय,
बूट राहिले लंकेत, अनवाणी आलो, माय.

मी भाकरी थापत होते. हात थांबला. मग राग आला. हे काय जेवताना लावायचं गाणं हाय?

श्रीमंत नावाचा कारकून, जळकोटकडला, समोरच कलेक्टर ऑफिसात असतो. घास हातातच. म्हणला, "मावशी, हे सरकारच्या विरोधात हाय. आवाज बारीक करा, समोर साहेब बसतो." लातूर जिल्हा होऊन सहा वर्षं होत आली, ह्याची साहेबाची भीती जाईना. नळाला थेंब न्हाई, त्याची भीती न्हाई वाटत!

आप्पासाहेब फौजी कोपऱ्यात जेवत होता. एकाहत्तरची लढाई केलेला माणूस. तो हसला. खरंच हसला! "गात गात कोण मरतं ओ? मी अर्धी लढाई हगवणीत काढली. त्याचं करा म्हणावं गाणं." सगळे हसले. मग त्यानं अर्धं ताट तसंच सारलं अन् उठला. हा माणूस ताटात शीत ठेवत न्हाई कधी.

बसवंत मात्र दाराला टेकून डोळे मिटून ऐकत होता.

१३ फेब्रुवारी

टँकर आला न्हाई. ताटं राखेनं घासून कोरडीच पुसून राहिले. गिऱ्हाईक बघतं अन् न बघितल्यावानी करतं.

१५ फेब्रुवारी

कळलं! बसवंत पहाटे पळायला कामून जातो ते कळलं. पुढच्या महिन्यात नांदेडला भरती हाय. पलटणीत जायचं हाय राजाला. मला वाटलं होतं, कुस्तीचं खूळ असंल.

एकुलता एक. मी म्हणले, "मेलास तर?"

म्हणतो, "अव्वा, इथं कोण जगून राहिलंय?"

उलथणंच फेकून मारलं. लागलं न्हाई. लागायला पाहिजे होतं.

नवऱ्याला सांगितलं. महादेवप्पा म्हणतात, "जाऊ दे. तूर न्हाई, डाळीची मिल आज बंद पडती का उद्या. मी मुकादम हाय म्हणून रोज तिथं जाऊन नुसता बसून येतो. तो बी तसाच बसू दे का?"

तसाच बसू दे! बसलेला तरी दिसंल डोळ्याला.

१६ फेब्रुवारी, शिवरात्र

उपास. सिद्धेश्वराला जाऊन आले. गर्दीत एकच मागितलं. काय ते इथं लिहायचं न्हाई.

येताना डोक्यात आलं. त्या गाण्याचं शेवटचं कडवं हाय —

धाकट्याला सांगू नको वाट कुठं जाय,
त्याचे बूट लपवून ठेव चुलीमागं, माय.

म्हणजे गाणं माझ्याच बाजूचं की! मी उगीच शिव्या घातल्या. तो शेषेराव जत्रेत गाणार हाय परवा. बसवंताला पुढं बसवते. माझं ऐकत न्हाई, गिटारवाल्याचं तर ऐकंल.

१८ फेब्रुवारी

काय लिहू.

गेलो जत्रेत. बसवंत, मी, महादेवप्पा. पुढंच बसलो. शेषेराव दिसायला चांगला, उंचापुरा, अंगानं भरलेला. आवाज तर त्याहून भरलेला. "बूट राहिले लंकेत" म्हणला अन् माझ्या शेजारची अनोळखी बाई तोंडाला पदर लावून हमसायला लागली. महादेवप्पाचे बी डोळे भरले. मी मनात म्हणले, आता बघ बसवंता, आता ऐक.

अन् मग हलगी सुरू झाली.

त्याच मैदानात दुपारी कुस्त्या झालेल्या. तीच हलगी, तोच ठेका! आमच्या पोरांना त्या ठेक्यावर एकच ठाऊक — लंगोट कसायचा अन् उतरायचं. मागची पोरं उठली. शिट्ट्या! फेटे उडवले! गाणं म्हणतंय धाकट्याला पाठवू नको, अन् धाकटे सगळे मांड्या ठोकून राहिलेत. एक जण ओरडला, "चला रे लंकेला!" शेषेराव गाता गाता थांबला, हातानं खाली बसा खाली बसा करू लागला. कोण बसतंय!

बसवंताकडं बघितलं. चेहरा नुसता तापलेला. नवरदेवाचा असतो तसा.

१९ फेब्रुवारी

"अव्वा, काल ऐकलं अन् माझं पक्कं झालं."

माझ्याच हातानं नेऊन बसवला होता.

२१ फेब्रुवारी, रविवार

शेषेराव आला जेवायला! आपणहून. बसवंतच घेऊन आला, मोठा पाव्हणा आणल्यावानी. मी वाढलं. भाकरी, झुणका, ठेचा. दोन भाकरी होईस्तोवर गप्प राहिले, तेवढंच जमलं.

मग म्हणले, "काय रे, तू लढाई बघितलीस का?"

"न्हाई मावशी."

"कोण मेलंय का तुझ्या घरचं लंकेत?"

"न्हाई. पेपरात वाचलं. झोप लागंना, मग लिहिलं. कुणी जाऊ नये म्हणून लिहिलं."

"कुणी जाऊ नये म्हणून? आरं, हा बघ, तुझ्यापुढंच बसलाय! हा चालला तुझं ऐकून. आणखी किती चाललेत तुला ठावं हाय का?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. बसवंत म्हणला, "अव्वा, गप्प बस." मी कशाला गप्प बसू? म्हणले, "दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरावर टाळ्या घेतोस. काठावर बसून पाण्याची खोली सांगतोस. गुडघाभर तरी उतर आधी. न बघता कशाला गातोस मग?"

पोरगं उठलं. माझ्या पाया पडलं. पाया पडलं! म्हणलं, "मावशी, बरोबर हाय तुमचं." अन् गेलं. ताटात अर्धी भाकरी तशीच.

बसवंत माझ्याशी बोलंना. न बोलू दे. बरं वाटलं मला.

२५ फेब्रुवारी

एकच उपाय राहिला. सिद्धम्मा. माझी मावसबहीण, शिरूर अनंतपाळला असते. तिचा लेक गुरुपादप्पा दिवाळीच्या आधी लंकेच्या लढाईत गेला. बावीस वर्षांचा. तिला घेऊन येते. गाण्यातली आई नको, खरी आई समोर बसू दे. मग बघू कसा जातो.

मी क्रूर हाय का? असंन.

२७ फेब्रुवारी, शनिवार

सिद्धम्माला एसटीनं घेऊन आले. सगळ्या वाटंला रान नुसतं काळं, उकललेलं. ती खिडकीतून तेच बघत होती. घरी आल्यावर आधी मी भांड्याजवळचा राखेचा डबा उचलून आत ठेवला. तिच्या नजरेला पडू नये म्हणून.

आमच्यात माणसाला जाळत न्हाईत. बसवून पुरतात — हातात इष्टलिंग, वरून बेल, मग घरच्यांनी, गावच्यांनी मूठ मूठ माती. गुरुपादप्पाला पलटणीनं तिकडंच जाळलं. त्यांना काय ठावं! एक शिपाई राखेचं गाडगं घेऊन आला, सलाम केला, निघून गेला. जंगम म्हणला, राखेला कसं बसवू अक्का, मला विधी ठावं न्हाई. तर सिद्धम्मा स्वतः खड्ड्यात उतरली होती. तिनंच गाडगं बसवलं. वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या शाळेतल्या सदऱ्याचा आधार दिला. मी तिथं होते. मी बघितलंय.

बसवंताला समोर बसवलं. म्हणले, "सांग गं ह्याला."

ती म्हणली, "आधी ते गाणं लाव. आमच्या गावात बी वाजतंय, मला कुणी ऐकू देत न्हाई. मी आले की बंद करतात."

मी नको म्हणले. बसवंतानं लावलं.

ऐकलं तिनं. डोळ्यात टिपूस न्हाई. मधल्या कडव्यात तो शिपाई आईच्या मांडीवर डोकं ठेवतो. तिथं ती म्हणली, "हिला मांडीवर तरी मिळाला." बास. एवढंच.

मग बसवंताला जवळ घेतलं. त्याची दाढी, खांदे चाचपले. मी वाट बघून राहिले — आता म्हणंल, जाऊ नको. आता म्हणंल.

"जातोस का? जा बाळा. अन् तुला लंकेला धाडलं तर माझ्या गुरुपादप्पाला जिथं जाळलं तिथली मूठभर माती आण. इथं सगळ्यांनी माती दिली, पण ती त्याच्यावर न्हाई पडली रे. गाडग्यावर पडली."

बसवंत रडला. म्हणला, "आणतो मावशी."

मी उठून आत गेले. तिला तिथंच हाकलून द्यावं वाटलं. माझा लेक माती आणायला धाडायचा? माझा? अन् चुलीपुढं बसल्यावर मला बी रडू फुटलं. कुणासाठी ते कळंना.

२८ फेब्रुवारी

सिद्धम्माला एसटीत बसवून दिलं. गाडी हलताना म्हणली, "शिवकांता, रागावू नको गं. त्याचं नाव घेऊन कुणाशी तरी बोलायला मिळालं मला."

९ मार्च

गेला नांदेडला. उद्या भरती. गूळ-शेंगा बांधून दिल्या. जाताना कपाळाला इभूत लावली. वाकडी लागली, तर हसला.

आप्पासाहेब फौजी आज जेवायला आला न्हाई. नुसता दारातून विचारून गेला, "गेला का पोरगा?"

११ मार्च

आला! आला! न्हाई घेतला!

पळण्यात पास. उंचीत पास. छाती भरली न्हाई. फुगवून फुगवून डोळे बाहेर आले म्हणे, तरी कमीच. गेली दोन वर्षं दूध कुठं होतं पोटाला? दुष्काळानं एवढं नेलं, एक तरी दिलं!

मी हुग्गी केली. गहू, गूळ, खोबरं, सगळं घालून. जेवायला आलेल्या सगळ्यांना वाटी वाटी वाढली. श्रीमंत म्हणला, "मावशी, काय हाय आज?" मी म्हणले, "खा मुकाट."

बसवंतापुढं वाटी ठेवली. त्यानं वाटीकडं बघितलं अन् माझ्याकडं बघितलं. "अव्वा, लई आनंद झाला का तुला?"

म्हणले, "हाव. झाला. लपवू कशाला?"

उठून गेला.

१४ मार्च

बोलत न्हाई. कॅसेट बी लावत न्हाई. टेपवर फडकं टाकून ठेवलंय त्यानंच. गिऱ्हाईकं विचारतात, लंकेचं गाणं कुठं गेलं?

"अजून कामून तोंड पाडून बसलास?" म्हणले, "पुढच्या साली बघू की." खोटंच. म्हणला, "माझ्यासाठी न्हाई बसलो." मग कुणासाठी? सांगत न्हाई.

२२ मार्च

महादेवप्पाची मिल बंद झाली. आता दोघं खानावळीत. बाप पाण्याच्या रांगेत, लेक ताटं उचलायला. घर भरलेलं दिसतंय. मला एवढंच पाहिजे होतं. तरी घास गोड लागत न्हाई, कामून कोण जाणे.

५ एप्रिल

दुपारची गर्दी ओसरली होती. एक बाई दारात आली. उन्हानं काळवंडलेली, हातात पिशवी. माझ्याच वयाची.

"शिवकांताबाई तुम्हीच का? मी केवळाबाई. नांदेडहून आले. शेषेरावाची आई."

मी म्हणले, बसा.

"पोरगं पलटणीत गेलं. कॉलेज, गिटार, सगळं टाकून. किती रडले, ऐकलं न्हाई. म्हणलं, लातूरच्या मावशीनं डोळे उघडले, आधी बघून येतो, मग गातो." पदरानं तोंड पुसलं तिनं. भांडायला आली न्हाई ती. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही त्याला काय म्हणला होता, तेवढंच ऐकायला आले."

बसवंत ताटं घेऊन उभा होता. खाली बघून म्हणला, "भरतीत माझ्या पुढंच होता, अव्वा. त्याची भरली छाती."

बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली.