फ्रीजरमधले डबे आजपासून काढा

अहो,

घरी आलात की फ्रीजरमधला सगळ्यात वरचा भाजीचा डबा काढून गरम करा. भात मात्र ताजा लावा, पाणी दोन पेरं.

मागच्या रविवारी मी दिवसभर डबे भरत होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय गं, पलटण जेवायला येणार आहे का?" मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे काखेत गाठ हाताला लागली होती. ऑपरेशन झालं तर मी पडून राहणार आणि तुम्ही पोरांना बिस्किटांवर दिवस काढायला लावणार, म्हणून महिन्याची बेगमी करून ठेवली. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुमचंच जेवण सुटलं असतं.

आज दवाखान्यातून फोन आला. गाठ साधी आहे, कापाकापी नको. ओट्याशी खाली बसून पोटभर रडून घेतलं. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा रडेन, म्हणून लिहिते आहे.

ताईला सगळं माहीत होतं, तिच्याकडे जाऊन येते. रागवायचं असेल तर मी आल्यावर रागवा. आता महिनाभर मी गॅसकडे बघणारसुद्धा नाही, डबेच संपवायचे.

माझं पान मांडून ठेवा. कितीतरी दिवसांनी आज मला सपाटून भूक लागली आहे.