ओढ्याच्या अलीकडे तीन तास

काका, तुम्हाला जाऊन साठ वर्षं होऊन गेली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. माझी नात चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आहे. पावसाळ्यात रविवारी मैत्रिणींना घेऊन मावळातल्या चिखलाच्या वाटांवर गाडी घालायला जाते, हौस म्हणून. परवा जेवताना मला म्हणाली, "आजी, चारही चाकं ओढतात गं, मग घाबरायचं कशाला?" माझा घास हातातच राहिला. मी तिला म्हटलं, पाण्यात घालण्याआधी खाली उतरून बघतेस ना? ती हसली. मग मी तिला तुम्ही शिकवलेलं सगळं सांगितलं. ती जेवण विसरून ऐकत राहिली. तुमचं पुढे काय झालं ते मात्र मी तिला सांगितलं नाही. ती विचारेल म्हणून मी ताटं उचलायला उठले.

चाकणच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, नगरकडची. आमच्याकडे नदी म्हणजे वाळू. वाहत्या पाण्याचा आवाज आला तरी मी दोन पावलं मागे सरायचे. दवाखान्याला लढाईतून उरलेली एक जीप मिळाली होती, कापडी टपाची, दारं नसलेली, स्टेअरिंग डावीकडे. तिच्याबरोबर तुम्ही आलात. चाळिशीचे, काटकुळे, ब्रह्मदेशाच्या जंगलात लष्कराची गाडी चालवून परत आलेले. पहिल्याच महिन्यात मला म्हणालात, "बाई, तुमी गाडी शिका." मी म्हटलं, मला काय करायचंय शिकून? "लांब रानात मलाच काय झालं, तर आजाऱ्याला कोण आणणार?" दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये डावीकडे बसले.

भोसरीच्या अलीकडे तेव्हा उघडा माळ होता. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठत होत्या, बाकी सगळ्या बाभळी. त्या माळावर तुम्ही मला दुपारी घेऊन जायचात. मी स्टेअरिंग घट्ट आवळून धरलेलं, अंगठे आत. चाक दगडावर आपटलं आणि तुम्ही हातातलं फडकं माझ्या मनगटावर हाणलंत. "अंगठे भायेर." मला राग आला. माझ्यावर असा हात आजवर घरच्यांनीही उचलला नव्हता. मग तुम्ही तुमचा उजवा अंगठा पुढे केलात, मुळापासून वाकडा. "दगडावर चाक बसलं की स्टेअरिंग गरकन फिरतंय. आत अंगठा असला की असा व्हतो." त्या दिवसापासून माझे अंगठे बाहेर आहेत. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा चिखल लागायच्या आधी ओढायचा, रुतल्यावर नाही. ओल्या उतारावर पहिला गिअर ठेवायचा आणि ब्रेकवर पाय टाकायचा नाही, चाकं धरून ठेवली की गाडी साबणासारखी घसरते. आणि पाणी दिसलं की थांबायचं. "गाडीच्या आधी मानसानं जायाचं पाण्यात, काठी घेऊन," असं तुम्ही इतक्यांदा म्हणालात की मी कंटाळून तुमच्याआधीच ते वाक्य पुरं करायला लागले होते.

तो श्रावण होता. चार दिवस पाऊस नुसता धरून बसलेला. सकाळी एक माणूस भिजत दवाखान्यात आला, भामा नदीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून, रात्रभर चालत. त्याची भावजय दोन दिवस अडली होती. डॉक्टर पुण्याला गेलेले. मी पेटी उचलली, तुम्ही टाकी बघितलीत, आणि त्या दिराला मागे बसवून आपण निघालो.

जाताना ओढा लागला तेव्हा पाणी गुडघ्याच्याही खाली होतं. तरी तुम्ही उतरलात, काठीने तळ चाचपलात, एका जागी पलीकडून वळसा घ्यायचा हे डोक्यात ठेवलंत, मगच गाडी घातलीत. पुढच्या चढावर एकदा मागची चाकं दरीकडे सरकली. मी टपाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरलेला. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय न उचलता, स्टेअरिंग घसरत होतो त्याच बाजूला हळूच वळवलंत, आणि गाडी सरळ झाली.   टपाचा दांडा मी सोडला तो थेट वाडीत.

वाडीत ती बाई अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर होती, असेल माझ्याच वयाची. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आलेला. मला जे येत होतं त्यात हे बसत नव्हतं. हिला पुण्याच्या इस्पितळात न्यायला हवं, एवढंच मला कळलं. मी पेटी बंद केली, ते तिच्या सासूने पाहिलं. आम्ही तिला गोधडीसकट उचलून जीपच्या मागच्या बाजूला आडवं केलं. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दीर मागे लोंबकळत उभा राहिला.

आपण परत ओढ्याशी आलो तेव्हा तो ओढा राहिला नव्हता. लाल पाणी, मधे फांद्या, आणि पाण्याच्या आत दगड एकमेकांवर आपटत गडगडत चालल्याचा आवाज. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही कमरेला दोर बांधलात, दुसरं टोक जीपच्या हुकाला, आणि काठी घेऊन आत गेलात. दहा पावलांत पाणी मांड्यांवर आलं. आणखी चार पावलांत कमरेला. काठी तुमच्या हातातून ओढली गेली, तुम्ही आडवे झालात, दिराने आणि मी दोर खेचला. काठावर येऊन तुम्ही खोकत बसलात आणि म्हणालात, "न्हाई जायाचं."

"काका, ती मरेल."

"मरंल कदाचित. पर आत घातली गाडी, तर आपुन चौगं मरू. आन ती बी."

"तुम्ही ब्रह्मदेशातल्या नद्या ओलांडल्या म्हणता."

"ज्या वलांडता येत व्हत्या त्या वलांडल्या."

मागे ती बाई कण्हत होती. तिची सासू माझ्याकडे बघत होती, नुसती बघत. तुम्ही दोर सोडवत होता तेवढ्यात मी डावीकडे जाऊन बसले, इंजिन चालू केलं आणि दांडा ओढला. तुम्हीच शिकवलेलं सगळं, त्याच क्रमाने. पुढची चाकं पाण्याला लागली. तुम्ही धावत येऊन बॉनेटसमोर उभे राहिलात, दोन्ही हात त्यावर टेकलेत आणि म्हणालात, "चालवा. पयला मी जाईन, मग तुमी." आवाज चढवला नाहीत. माझा पाय क्लचवरून घसरला, गाडीने एक हिसका दिला. इंजिन बंद पडलं. तुम्ही बॉनेट उघडलंत, आतून बोटाएवढी एक फिरकी काढलीत आणि खिशात घातलीत. तिच्याशिवाय इंजिन चालू होत नाही, हे मला ठाऊक होतं. मग आपण चौघांनी मिळून जीप मागे ढकलली.

तीन तास. तुम्ही पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवलात आणि त्याच्यासमोर उकिडवे बसलात. पाणी दगडावर चढलं. तुम्ही दुसरा दगड वर ठेवलात. मी मागे त्या बाईची नाडी धरून बसले होते, ती वेगाने आणि बारीक होत चालली होती, आणि प्रत्येक वेळी पाऊस वाढला की मला वाटे, आता ही गेली, आता मी या माणसांना काय सांगू. एकदा मी तुम्हाला ओरडून म्हटलं, "तुम्हाला स्वतःचा जीव प्यारा आहे." तुम्ही मागे वळला नाहीत. तुमचे खांदे थरथरत होते. थंडीने, असं मी तेव्हा धरून चालले.

दुपार कलली आणि पांढरा दगड उघडा पडला. मग त्याच्यापुढे हातभर ओली वाळू उघडी पडली. तुम्ही पुन्हा दोर बांधून आत जाऊन आलात, पाणी गुडघ्यावर. फिरकी बसवलीत. पंख्याचा पट्टा उतरवलात, कारण पंखा फिरला तर पाणी इंजिनावर उडवतो. मग पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने, न थांबता, न घाई करता पलीकडे गेलात. माझे डोळे मिटलेले होते. पलीकडे गेल्यावर पट्टा परत चढवलात आणि बराच वेळ ब्रेकवर पाय हलका दाबून गाडी चालवत राहिलात, ते वाळावेत म्हणून.

दिवेलागणीला इस्पितळात पोहोचलो. ती बाई वाचली. मूल मेलेलं निघालं. तिथले मोठे डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "एवढा उशीर? तुम्ही काय करत होतात?" माझी नोकरी कायम व्हायची होती. घरी चार माणसं माझ्या पगारावर. मी म्हटलं, ड्रायव्हर पाण्यात गाडी घालायला तयार होईना. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. मी लिहिलं की पाणी गुडघाभर होतं आणि ड्रायव्हर घाबरला. तुमच्या कमरेचा दोर मी माझ्या हातांनी ओढला होता, आणि मी गुडघाभर लिहिलं.

तुम्हाला गाडीवरून काढलं. चौकशीत तुम्ही काय बोललात मला कळलं नाही. बहुतेक काहीच नाही. जाताना जीपची पान्यांची पिशवी तुम्ही पुसून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "नव्या मानसाला म्हणावं, पट्टा जुना झालाय."

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही मला चाकणच्या बाजारात भेटलात. कांद्याच्या पोत्यांपाशी हमाली करत होता. मी वळून जाणार होते, पण तुम्ही हाक मारलीत. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार. तुम्ही माझी चौकशी केलीत. मग खाली बघत म्हणालात, "बाई, मी निजलो की त्ये लेकरू येतंय डोळ्यांम्होरं. जरा आधी घातली असती गाडी, तर ऱ्हायलं असतं का वं?" मी म्हटलं, जाऊ द्या काका, झालं ते झालं. तुम्ही मान हलवलीत आणि पोतं उचललंत. त्याच हिवाळ्यात तुम्ही तापाने गेलात, हे मला दवाखान्यातच कळलं. मी तुमच्या गावी गेले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या घरात आता कोण आहे हे मला माहीत नाही, आणि असतं तरी मी पाठवलं नसतं. त्या बाजारात तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, काका. वाडीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत मी तिच्या पोटाला ठोके ऐकायची नळी लावली होती, तीन ठिकाणी, पुन्हा पुन्हा. ठोके नव्हते. आपण तिथून निघालो त्याच्या आधीच ते मूल गेलेलं होतं.