खाणीत सोडलेलं पाणी

प्रिय विश्वेश,

दोन वर्षांपूर्वी देवळाच्या समाराधनेनंतर एक्केचाळीस माणसं आजारी पडली, ती कशामुळे, ते मला सापडलं आहे. तुला हे कळवताना मला आनंद होतो आहे. हे वाक्य खोडावं असं दोनदा वाटलं, पण या पत्रात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून राहू देते.

तुला आठवत असेलच, तरी लिहिते. सोलकढी आईने केली होती. पंधरा वर्षं तीच करत आली होती. दुसऱ्या दिवसापासून घरोघरी जुलाब आणि ताप सुरू झाला आणि चौथ्या दिवशी देवळाच्या अंगणात तुझी आई चारचौघांसमोर म्हणाली, "शुभदाच्या हातांका काय लागलेला ता देवाक ठाऊक. असल्या घरातली सून आमका नको." आपला साखरपुडा होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तू चपला घालत होतास. एकीचा पट्टा अडकला होता आणि तो सोडवायला तुला इतका वेळ लागला, की तेवढ्यात आई आणि मी अंगणाबाहेर पडलोसुद्धा.

त्यानंतर आईला कुणी पंगतीच्या स्वयंपाकाला बोलावलं नाही. ती आता घरी आलेल्या माणसासमोर बिस्किटांचा पुडा न फोडता ठेवते. पाणी हवं तर म्हणते, "तुमीच घेवा." हात इतके धुते की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. आणि हीच बाई माझी पहिली शिक्षिका, विश्वेश. पिण्याच्या हंड्यातून पाणी घ्यायची डवली वेगळी, तिच्या दांड्याखाली बोट जाता कामा नये, नारळ फोडण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं दर रविवारी ती स्वतः तपासायची. सूक्ष्मजीवशास्त्र मी कॉलेजात शिकले, पण त्याआधी सगळं घरात शिकले होते. म्हणून नोकरी लागल्यावरही मला एकच प्रश्न छळत होता, की तिच्या हातून झालं कसं?

दिवाळीनंतर वाडीत पुन्हा जुलाबाची साथ आली, तेव्हा देवळाच्या विहिरीचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. त्यात माणसाच्या मैल्यातले जंतू निघाले. मी आधी माझ्यावरच संशय घेतला. बाटल्या पुन्हा उकळल्या, पुन्हा नमुने घेतले आणि नावं झाकून नुसते आकडे घालून कौस्तुभकडे दिले. कौस्तुभ माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो, त्याला आपली वाडी कुठे आहे हेही ठाऊक नाही. त्याचा निकाल तोच आला. मग मला सोलकढी समजली. तिला चूल नसते. कोकमाच्या आगळात नारळाचं दूध आणि विहिरीचं कच्चं पाणी. भात शिजला, आमटी उकळली, त्यातले जंतू मेले. आईच्या पातेल्यातले जिवंत राहिले. म्हणजे आजार सोलकढीतूनच पसरला, हे मी नाकारत नाही. पण तो पातेल्यात हातांनी गेला नव्हता, कळशीने गेला होता.

विहिरीत कुठून आला हे शोधायला मला फार डोकं लढवावं लागलं नाही. तूच सांगितलं होतंस. पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्यात, तेव्हा मला दाखवायला नेलं होतंस. संडासाच्या टाकीचं विचारलं तर मागची जुनी चिऱ्याची खाण दाखवून म्हणालास, "टाकी बांधूक कित्याक होयी? ह्या खाणीत सोडला की गेला पाताळात. उपसूची कटकटच नाय." मी हसले होते. ते हसू मला अजून टोचतं. जांभा दगड म्हणजे चाळण, हे मला तेव्हाही माहीत होतं. देऊळ त्याच उताराच्या खाली आहे, हेही.

ग्रामसेवकांची लेखी परवानगी घेऊन आम्ही तुमच्या तिसऱ्या खोलीच्या संडासात हिरवा रंग ओतला. तो अपायकारक नसतो. तू त्या दिवशी बांद्याला गेला होतास. तिसऱ्या सकाळी गंगारामने देवळाच्या विहिरीतून कळशी वर काढली आणि माझ्याकडे बघत राहिला. तो आपल्या गावचा जलसुरक्षक, वीस वर्षं त्या विहिरीत पावडर टाकतो आहे. म्हणाला, "गो बाय, ह्या पाणी आसा की पोपट?" मी तिथेच पायरीवर बसले. रडले नाही. तुझ्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणत राहिले.

अहवाल गेला आहे. येत्या सोमवारच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल, खोल्यांना कुलूप लागेल, ऐन हंगामात. अहवालात आईचं नाव कुठेच नाही, कारण त्या तक्त्यात निर्दोष माणसासाठी रकाना नसतो. ते काम तुझं आहे. त्याच अंगणात, तितक्याच मोठ्याने. चपला घालण्याआधी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. खाणीच्या आसपासच्या सगळ्याच विहिरी तपासायच्या असतात, म्हणून गेल्या सोमवारी तुमच्या परसातल्या विहिरीचाही नमुना घेतला. तुझ्या आईनेच, काकींनी, स्वतः पाणी काढून दिलं. म्हणाल्या, "आमची बाव म्हणजे गंगा गो, तुझ्या बाटलेत सोन्याचा पाणी जाता." तुमची विहीर खाणीच्या वरच्या अंगाला, मलाही काही निघेल असं वाटलं नव्हतं. पण खाण भरत आली आहे, विश्वेश. ते आता मागेही झिरपतं आहे. निकाल काल, बुधवारी, सकाळी दहा वाजता माझ्या हातात होता. पिण्याच्या पाण्यात असं निघालं तर त्याच क्षणी फोन करायचा असतो. मी फोन उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, पिऊ देत. एक दिवस काकींनाही स्वतःच्या पोटाची खात्री वाटू नये. घरी जाऊन आईला हसत हसत सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "त्येंका सांगितलंस?" आणि मी नाही म्हटलं तेव्हा म्हणाली, "त्या चेडवान काय केल्यान गो तुझा?" तुझ्या लेकीचं, सृष्टीचं, गेल्याच आठवड्यात उष्टावण झालं, ती आता वरचं पाणी पिते, हे मला माहीत होतं. फोन ठेवतानाही माहीत होतं. तरी आज दुपारी चार वाजेपर्यंत मी गप्प राहिले. तीस तास. गंगारामला बजावलं आहे, की पत्र देण्याआधी तोंडी सांग, पाणी वीस मिनिटं उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही, आणि बाळाला काहीही होत असेल तर तडक दवाखाना. हे तीस तास मी प्रयोगशाळेच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात, वेळेसकट लिहून ठेवले आहेत. सृष्टीची मी अपराधी आहे, तुमची नाही. माझी तक्रार करायची तर जरूर करा, मी नाकारणार नाही, नोकरीही जाईल. फक्त ती करताना काकींना ग्रामसभेत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, सगळ्या वाडीला सांगावं लागेल, की त्यांच्या विहिरीत काय निघालं.

तुझीच होता होता राहिलेली,
गौरजा